भिंतीतला खळगा

६ ऑक्टोबर
आज फजरची नमाज झाल्यावर कुंपणाशी उभा राहून म्हशींची वाट पाहिली. रात्रभर चरून त्या रोजच्यासारख्या आपणच परतल्या. लाखी मात्र हाकेला आली नाही. घराला वळसा घालून मागे गेली आणि भिंत चाटायला लागली. एकाच जागी. हाकललं तर पुन्हा तिथेच.
घरात जाऊन पाहिलं. ती चाटत होती त्याच जागी आतून हूरचा खळगा आहे.
आमची लेक हूरबाई पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. सातव्या महिन्यात इथेच गेली. अंगात रक्तच नव्हतं. नर्सच्या लाल गोळ्यांनी तिला मळमळायचं, म्हणून घेत नव्हती. त्या भिंतीपाशी बसून माती मात्र खायची. तिची आई, रहेमत, म्हणायची, "घर खाऊन टाकशील, बये." वर्ष झालं. रहेमतने सगळं घर लिंपलं, तेवढा खळगा सोडून.
लाखी हूरचीच. लग्नात दिलेली. तिच्याबरोबर परत आली.

७ ऑक्टोबर
आजही तिथेच.

९ ऑक्टोबर
डेअरीचे डॉक्टर जयंतीभाई आले. लाखी बसली की तिचं मायांग, म्हणजे गर्भपिशवीचं अंग, बाहेर दिसतं, ते त्यांना दाखवलं.
"काका, पोटातलं रेडकू हिच्या हाडांतला क्षार ओढतंय. म्हणून माती खाते. अजून तीन आठवडे आहेत. असंच राहिलं तर विताना अंग बाहेर टाकेल. मग दोन्ही जातील."
"पण एकाच जागची का खाते?"
ते हसले. "ते तिला विचारा. तिथली खारट असेल."
क्षाराची भुकटी देऊन गेले. रोज मूठभर, पेंडीतून.
भिंत सगळी एकाच तलावाच्या मातीची आहे. ती मीच वाहून आणली होती.

१० ऑक्टोबर
सरकीच्या पेंडीत घातली. हुंगून तोंड फिरवलं. गुळात घातली. नाही. बाजरीच्या घाट्यात घातली. नाही. नाळीने घशात ओतायला गेलो तर रहेमतने हात धरला.
"तिची भूक मारू नका."
"कुणाची?"


१३ ऑक्टोबर, शुक्रवार
मशिदीतून येताना चुलतभाऊ जुमा भेटला. "काय रमजू, म्हशीला भिंत चारतोस म्हणे? पुढल्या वर्षी छप्पर घाल." मग हळूच म्हणाला, "व्यापारी आलाय. अंग टाकायच्या आत विकून मोकळा हो."
हूरची म्हैस. कशी विकू?
मेलेलं माणूस परत येत नाही. लहानपणापासून हेच शिकलो, हेच मानतो. पण घरी येऊन खळग्यात हात घातला तर मनगटापर्यंत गेला. लाखी बाहेरून चाटते. आतून कोण?

१५ ऑक्टोबर
भिंत आरपार झाली. सकाळी घरात उजेडाची एक काडी पडली होती. मी पाहत होतो तेवढ्यात उजेड गेला आणि भोकातून लाखीची जीभ आत आली. काळी. आतल्या कडा चाचपत राहिली. बराच वेळ.
मी अल्लाहचं नाव घेतलं. जीभ निघून गेली.

१६ ऑक्टोबर
रहेमतच्या नखांत माती दिसली. विचारलं. तिने लपवलं नाही.
"लाखी बाहेरून खाते, मी आतून. मध्ये हूर आहे."
"रहेमत, मध्ये भिंत आहे."
"तुम्हाला भिंत दिसते."
तिचे ओठ पांढरे पडलेत. हूरचे पडले होते तसे.

१७ ऑक्टोबर
रहेमतची बहीण जीप घेऊन आली. तिला भुजच्या दवाखान्यात नेते आहे. रक्त भरावं लागेल, मग महिनाभर बहिणीकडेच. जीपमध्ये बसताना रहेमत एवढंच म्हणाली, "खळगा बुजवू नका हं."
मी जीपचं दार लावलं. 
संध्याकाळी लाखी बसली तेव्हा अंग मुठीएवढं बाहेर होतं.

१८ ऑक्टोबर
तलावाची माती आणली. शेण घालून पायांनी मळली. मग तिचे दोन भाग केले. एका भागात क्षाराची भुकटी मिसळली आणि भिंतीच्या बाहेरून लिंपली. औषधांच्या पेटीत हूरच्या लाल गोळ्या तशाच पडून होत्या. त्या कुटून दुसऱ्या भागात घातल्या आणि आतून लिंपलं. का, ते मला विचारू नये. हात करत गेले.
लाखीने बाहेरची माती हुंगली. मग चाटली. पार संपेपर्यंत.

२४ ऑक्टोबर
रोज बाहेरून नवी माती लावतो. रोज संपते. अंग आता दिसत नाही. जयंतीभाई म्हणाले, "काका, भिंतीतून औषध देणारे तुम्ही पहिलेच."
आतल्या बाजूला मी बघत नाही.

२९ ऑक्टोबर
लाखी पहाटे व्याली. अंग जागेवर राहिलं. रेडी झाली, लगेच उभी राहिली. शुक्र अल्लाहचा. पहिला चीक भिंतीपाशी शिंपडला, मग घरात गेलो. आज आतून बघितलं.
रहेमत अजून बहिणीकडेच आहे. घरात मी एकटा. आतली माती खालपर्यंत खाल्लेली होती, आणि ओली होती.
 मग नर्सकडे जाऊन लाल गोळ्यांची नवी पाकिटं मागून आणली. कुटल्या. माती मळली. आतून लिंपून आलो.