शिट्टीशिवाय खो

कोथरूड, पुणे
गुरुवार, १७ नोव्हेंबर १९८८

चि. आनंदीस,

अनेक आशीर्वाद. तुझं दिवाळीचं कार्ड पाडव्याला पोचलं. कार्डावरची पणती छान आहे, आतला मजकूर नाही. त्याकडे नंतर येते.

इथे थंडी पडायला लागली आहे. यंदा चकल्या विकत आणल्या. त्या विकतच्या होत्या, यापलीकडे त्यांच्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. शेजारच्या सोजरबाईंनी अनरसे दिले, ते मात्र उत्तम. आपली सोसायटी जिथे उभी आहे तिथे त्यांच्या सासऱ्यांचं ज्वारीचं शेत होतं, हे त्या अजूनही प्रत्येक नव्या बिऱ्हाडाला सांगतात. पार्किंगमध्ये म्हैस बांधत नाहीत, हे आपल्यावर उपकार समजायचे.

तुला तिथे राउरकेल्यात ताजी भाजी मिळते का? लोहाच्या गोळ्या चुकवू नकोस. पायांना सूज येते का, जेवण जातं का, ते नीट कळव. ‘मी बरी आहे’ हे उत्तर नाही.

बाबा बरे आहेत. सकाळी मैदानावर जातात. वजन थोडं वाढलं आहे.

एवढं लिहून थांबले आणि वरचं वाचून पाहिलं. ‘बरी आहे’ हे उत्तर नाही असं तुला बजावून मी पुढच्याच ओळीत ‘बाबा बरे आहेत’ लिहिलं. तेव्हा आता नीट लिहिते. बसून वाच, आणि जावईबापू घरात असतील तेव्हा वाच.

जूनमध्ये बाबांच्या घशातली गाठ काढली असं तुला कळवलं होतं. ती गाठ कॅन्सरची होती. गाठीबरोबर स्वरयंत्र काढावं लागलं, पूर्ण. गळ्याच्या खाली एक भोक आहे, बाबा तिथून श्वास घेतात. नाकातोंडाचा श्वासाशी आता संबंध नाही. पुढे किरणांचे शेक झाले. ते संपले. सध्या कुठे काही उरलेलं दिसत नाही असं डॉक्टर म्हणतात, आणि ठरलेल्या वेळी दाखवायला या म्हणतात. हे सगळं एका दमात लिहिलं, कारण मलाही ते एका दमातच सांगितलं होतं.

म्हणजे डॉक्टरांनी मौन सांगितलं आहे, असं तुला कळवलं ते खोटं होतं. तुला खरं कळवायचं नाही, हे बाबांनी ठरवलं. शुद्धीवर आल्यावर त्यांनी पाटी मागितली आणि लिहिलं, ‘आनंदीला मी सांगेन.’ मी विचारलं, कधी? त्यांनी लिहिलं, ‘आवाज आल्यावर.’ आणि खाली दोन रेघा ओढल्या. त्या रेघा तुला ठाऊक आहेत. शाळेत ज्या मुलीच्या नावाखाली त्या ओढल्या तिनं पुढचा महिनाभर मैदान झाडलं. मी वाद घातला नाही.

मग तुझं पत्र आलं, की दिवस गेले आहेत आणि सातव्यात पुण्याला येईन. पहिलं बाळंतपण माहेरी, त्यात विचारायचं ते काय. आणि मी तुला ‘येऊ नकोस’ लिहिलं. कारण दिलं बाथरूमच्या पाइपांच्या कामाचं. पहिलटकरणीला तिची आई पाइपांसाठी माहेर नाकारत नसते, हे तुला ओळखता यायला हवं होतं. पण तू दुखावलीस, ते तुझ्या जागी बरोबर. चूक आहे ती कार्डावरची ओळ: ‘मी खेळ सोडून संसाराला लागले म्हणून बाबा माझ्याशी बोलत नाहीत.’

कार्ड बाबांनी उघडलं. वाचून खिशात ठेवलं. पाडव्याच्या दिवशी घरात श्रीखंड होतं, ते कुणी खाल्लं नाही. जेवणं कशीबशी झाल्यावर मी सांगितलं, आता मी तिला लिहिणार. त्यांनी खडू उचलला, हातात धरून ठेवला आणि परत पाटीवर ठेवला. मी त्याचा अर्थ होकार असा घेतला.

आता तुला काळजी वाटणार, म्हणून रोजचं कसं चालतं तेही लिहिते. गळ्यावर मलमलचं फडकं लागतं, धूळ आत जाऊ नये म्हणून. माझ्या दोन जुन्या साड्या त्यात गेल्या. अंघोळीला पाणी गळ्याखालीच घ्यायचं. मिरचीची फोडणी करायची तर आधी त्यांना गॅलरीत पाठवते, नाहीतर खोकल्याची ढास लागते ती थांबत नाही. त्यांना वास येत नाही. परवा दूध करपलं, ते शेजारी बसून पेपर वाचत होते. ज्या सिगारेटी मला माहीत नाहीत असं त्यांना तीस वर्षं वाटत होतं, त्याही बंद आहेत. खरा त्रास भेटायला येणाऱ्यांचा. प्रत्येक जण एक औषध घेऊन येतो आणि बाबा बहिरे झाल्यासारखा मोठ्यानं बोलतो. एक बाई तर माझ्याकडे वळून म्हणाल्या, ‘ह्यांना कळतं ना सगळं?’ मी म्हटलं, ‘कळतं. म्हणून तर ते गप्प आहेत.’ त्या पुन्हा आल्या नाहीत.

पण स्वरयंत्र नसलं तरी बोलता येतं. हवा गिळायची आणि ती ढेकरासारखी वर येताना तिचे शब्द करायचे. हॉस्पिटलात हे शिकवायला एक बाई आहेत, तुझ्याच वयाच्या. पहिल्याच दिवशी त्या म्हणाल्या, “काका, लाजायचं नाही. दणकून ढेकर द्या बघू.”

बाबांनी माझ्याकडे पाहिलं.

आपल्या घरचा नियम तुला माहीत आहे, त्याचं मूळ माहीत नसेल. लग्न होऊन मी नारायण पेठेत आले तेव्हा तुझे आजोबा जेवण झालं की ढेकर देत, तो कोपऱ्यावरच्या वाण्याला ऐकू जाई. मी बी. ए. होऊन आलेली सून. महिनाभर ऐकून घेतलं आणि मग पानात वाढता वाढता सांगितलं, की असे आवाज गोठ्यात शोभतात. त्यानंतर त्या घरात ढेकर निघाला नाही. बाबा तर सोडा प्यायचेसुद्धा बंद झाले. आणि आता तेच शिकायचं होतं, माझ्यासमोर.

जमेना. हवा गिळायचे, ती वर यायला लागली की सवयीनं तोंडावर हात जायचा आणि ती परत आत. शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, घशात काही दोष नाही, काका कशाला तरी बिचकतात. कशाला, ते मला विचारायची गरज नव्हती. मी घरात असले की ते सरावाला गॅलरीत जायचे, मी गॅलरीत गेले की न्हाणीघरात. पुढे पुढे तेही सोडलं. पाटी घेऊन बसायचे.

मग मी सोड्याच्या बाटल्या आणल्या. रात्री जेवताना एक त्यांच्यापुढे ठेवली, एक स्वतः प्यायले आणि पानावर बसल्या बसल्या ढेकर दिला. पहिला अर्धवट झाला. दुसरा नीट झाला. भिंतीपलीकडे सोजरबाईंना ऐकू गेला. त्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

“कुसुमताई, आज लईच जेवलायसा म्हनायचं.”

“जेवले नाही. शिकवणी चालली आहे.”

“मास्तरांची?”

“माझी. मास्तर अजून बाकावर उभे आहेत.”

“मग मलाबी द्या की एक बाटली,” म्हणून त्या बसल्याच. “ह्यात काय शिकायचं हाय? आमच्यात न्हाई दिला तर सासू इचारायची, पोट भरलं न्हाई का म्हनून.”

बाबा हसले. हसण्याला आवाज नाही, पण खांदे हलत होते. हसता हसता त्यांना ढेकर आला आणि हात तोंडाकडे गेला नाही. पुढचे काही दिवस आमच्या घरातून कसले आवाज येत होते याची चर्चा सोसायटीत झाली असेल. होऊ दे.

तरी शब्द येत नव्हता. पा, टा, का अशी अक्षरं घोकायची असतात. नुसतीच हवा निघायची. मैदानावर जाणं मात्र त्यांनी शेक संपल्यापासून सोडलेलं नाही. गळ्यात फडकं आणि त्यावर शिट्टी. ती आता वाजत नाही. तोंडात धरून फुंकायला गेलं की हवा खालून निघते आणि नुसतं फडकं हलतं. ते टाळ्या वाजवून मुलींना शिकवतात. शिट्टी काढून ठेवा असं मी एकदा म्हटलं. त्यांनी ऐकलं नाही, मीही परत म्हटलं नाही.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी सुट्टीनंतरचा पहिला सराव होता. तुझं कार्ड तेव्हाही त्यांच्या खिशात होतं. मी थर्मास घेऊन मागे उभी होते. एक नवी मुलगी धावत होती, पाय चांगले आहेत तिचे, पण खो देताना नुसता पाठीला हात लावायची, तोंडानं म्हणायचीच नाही. बाबांनी टाळी वाजवली. तिनं पुन्हा तेच केलं. पुन्हा टाळी. ती जशी पुढच्या मुलीमागे येऊन मुकी उभी राहिली तसे बाबा खुर्चीतून उठले, त्यांची मान पुढे आली आणि आवाज आला, “खो!”

जुना आवाज नव्हता तो, आनंदी. ती अपेक्षा ठेवू नकोस. फरशीवरून बादली ओढावी तसा जाड, खरखरीत. पण तो खो होता. पाठमोऱ्या बसलेल्या मुलीनं तो ऐकला आणि ती उठून पळत सुटली. तिच्या पाठीला हातसुद्धा लागला नव्हता. खो कुणी दिला हे तिनं वळून पाहिलं नाही.

बाकीच्या मुली बसल्या जागी थिजल्या होत्या. बाबांनी त्यांच्याकडे पाहून शांतपणे हातानं खूण केली: फाउल. फाउल त्यांचा स्वतःचाच होता.

मी चहा ओतला. या माणसाच्या हाताखालच्या मुली राज्याच्या संघात गेल्या, तू गेलीस, हार-तुरे झाले, फोटो आले. प्रत्येक वेळी मी टाळ्या वाजवून घरी येऊन कुकर लावला. त्या सकाळी मला जो अभिमान वाटला तो याआधी कधी वाटला नव्हता. त्यांना सांगितलं नाही. तुला सांगते आहे, आणि तूही त्यांना सांगायचं नाही. घरी येईपर्यंत त्यांनी दूधवाल्याला खो दिला, कुत्र्याला दिला, दाराच्या कुलपालाही दिला. फुरसत मिळाली की असा पोरकटपणा चालतो.

पुढे काय होईल ते मला माहीत नाही. डॉक्टरांनाही नाही, ते तसं बोलत नाहीत, पण मला तपासणीची तारीख देताना त्यांच्या चेहऱ्यावर दिसतं. तपासणीच्या आदल्या दिवशी मी घरातली सगळी कपाटं आवरते. सध्या घर फार स्वच्छ आहे.

आता कामाचं.

रविवारी २७ तारखेला सकाळी ट्रंक कॉल लाव. पत्र तोवर पोचायला हवं. फोन मी उचलणार नाही, मी स्वयंपाकघरात असेन. फोन बाबा उचलतील, तसं ठरलं आहे. आधी काही वेळ नुसती हवा ऐकू येईल. ऑपरेटर मध्येच ‘बोला, बोला’ करेल, त्याला गप्प बसायला सांग. रडायचं नाही, रडणं ऐकलं की त्यांना हवा गिळता येत नाही. तुझं नाव ते घेऊ शकणार नाहीत. स्वरानं सुरू होणारे शब्द सगळ्यांत उशिरा येतात. क, ट, प आधी. ‘आनंदी’ यायला वेळ लागेल. बाळाचं नाव ठेवताना हे लक्षात ठेवलंस तर बरं.

ते ‘खो’ म्हणतील. पुढे काय करायचं ते तुला त्यांनीच शिकवलं आहे. ‘काय?’ म्हणून विचारायचं नाही, थांबायचं नाही. तिथून पुढे तू बोलायचं, कॉल संपेपर्यंत. सातवा लागला की जावईबापूंना घेऊन निघायचं. पाइप व्यवस्थित आहेत. ते कधी बिघडलेच नव्हते.

आणखी एक. स्वराची हीच अडचण ‘अगं’ची आहे. लग्नात घासासाठी बायका अडून बसल्या म्हणून त्यांनी एकदा माझं नाव घेतलं, त्यानंतर आजवर ‘अगं’वर भागलं. ‘अगं’ आता येत नाही. परवा सकाळी टॉवेल हवा होता. न्हाणीघरातून हाक आली. दोन तुकड्यांत आली, पण ओळखू आली. दूध उतू गेलं, आणि त्याचा वास मलाही आला नाही.

आतापर्यंत तुला लिहिताना खाली ‘आई’ एवढंच लिहीत आले. यापुढे पूर्ण लिहीन. नाव घरात वापरात आहे.

तुझी आई,
कुसुम