लाइनीवरची खरखर

३ जून
देवाच्या कृपेने घर छान मिळाले. पूजेला वेगळी खोली, ओट्यावर भरपूर उजेड. यांचे काम घरूनच, हेडफोन लावून गिऱ्हाइकांच्या तक्रारी ऐकायच्या. म्हणून आल्याआल्या इंटरनेट जोडून घेतले. लाइनमनने मोडेमचे नॉइज मार्जिन बारावर ठेवले. म्हणाला, ताई, हे बोलणे आणि खरखर यांतले अंतर. जास्त ठेवले की वेग कमी, पण लाइन तुटत नाही. कमी केले की वेग वाढतो आणि खरखर उंबऱ्याशी येते. या लाइनीवर फार खरखर आहे, आकडा खाली आणू नका. चहाला थांबला नाही. तेवढेच दूध वाचले.

६ जून
यांचे कॉल अडकतात, साहेब बोल लावतात. हे महागडा प्लॅन घेऊ म्हणत होते. मी म्हटले, नुसता आकडा बदलून फुकटात वेग मिळतोय तर पैसे कशाला घालवायचे? सहा केला. इंटरनेट पळू लागले. देवापुढे हात जोडले.

८ जून
यांना खरखरीत कोणी बाई रडताना ऐकू येते, म्हणे. सासूबाईंनी हेडफोन कानाला लावला आणि खो खो हसल्या. यांना म्हणाल्या, अरे, ही तर तुझीच बायको, तिथेही तुझा पिच्छा सोडत नाही! हे हसले नाहीत. नीट ऐकू यावे म्हणून यांनी आकडा तीनवर आणला.

१० जून
हेडफोन काढत नाहीत, जेवतानाही. बाई एकच ओरडते म्हणतात — अहो, आईंना मारू नका. आज कानातून रक्त आले. पुसायला गेले तर हात पिरगाळला. बोटे सुजलीत, अक्षर वाकडे येते आहे.

११ जून
मी गुपचूप बारा केला. यांनी शून्य केला. माझे डोके भिंतीवर — लाइनमन फोन उचलत नाही.

१२ जून
भर दुपारी यांनी इस्त्री उचलली. सासूबाईंच्या डोक्यात — पुन्हा — मी किंचाळले, अहो, आईंना मारू नका — आणि किंचाळतानाच कळले. तो आवाज —

आईंना पूजेच्या खोलीत ओढून आणले. कडी लावली. श्वास आहे. रक्त थांबत नाही. मोडेमही आणला, वायर उपटली, त्याचे दिवे विझले.

तरी दाराबाहेर यांच्या कानात ती ओरडतेच आहे. इथवर ऐकू येते. आता वाक्य वेगळे आहे. माझ्याच आवाजात. मी अजून म्हटले नाही ते —

फळी फुटली. हात आत —

देवा, मी ते म्हणणार नाही, तोंड दाबून धर — अहो, निदान मला