वरवंटा पूजेत बसला त्याची हकीकत

हिंगोली,
आश्विन वद्य अष्टमी

रा. रा. उत्तमराव यांस, तातेराव मिस्त्रीचा दोन्ही हात पुसून रामराम. (हात पुसून असं मुद्दाम लिहिलं. मागच्या पत्रावर माझे काळे अंगठे उठले होते, आणि तुम्ही ते खरेदीखत समजून पाटलाला दाखवायला नेलंत, असं कानावर आलं.) इकडे सर्व खुशाल. तुमची ज्वारी कशी आहे, बैलाचा खांदा बरा झाला का, आणि मातोश्रींच्या गुडघ्याला तेल लावता की नाही, ते कळवावं. गुडघा दुखत असतानाही खंडेनवमीला आमच्याकडे येण्याची तसदी त्यांनी घेतली, आणि दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी त्याच गुडघ्यानं, लेकीला पुढं घालून, मागं न बघता गाडीत चढल्या. तेव्हापासून तुमच्या भगिनी तुमच्याकडे आहेत. झाल्या प्रकाराची एक बाजू तुम्हाला रोज जेवताना ऐकायला मिळत असेल. दुसरी मी मांडतो. तुम्ही न्यायी माणूस, हट्टा गावचे निम्मे तंटे तुमच्या ओट्यावर मिटतात, तेव्हा ऐकून घ्याल.

मला हत्यारांचा नाद आहे, असं तुमच्या घरात बोललं जातं. नाद तमाशाचा असतो. माझा धंदा इंजिनं दुरुस्त करण्याचा, त्याला पाने लागतात, एवढंच. लढाई संपली, पलटणीचा माल लिलावात निघाला, तो मी नांदेडहून थोडासा आणला. (थोडासा म्हणजे एका बैलगाडीत मावला नाही, हे खरं. पण गाडीच लहान होती.) त्यात काही पाने असे आहेत, की त्या मापाचा नट अख्ख्या निजामाच्या मुलखात मिळायचा नाही. पण उद्या आला तर? हे मी तुमच्या भगिनींना विचारलं, तर त्या म्हणाल्या, "आला तर आला. त्याला बी घरात जागा न्हाई." बोलण्यात तुमच्या घराण्याचा हात कोण धरणार! जागेसाठी मी कोणाला तोशीस दिलेली नाही. रॉकेलचे डबे भरले, मग कणगी भरली, मग उतरंड. वरच्या गाडग्यात वायसर, त्याखाली खिळे, त्याखाली स्क्रू, आणि सगळ्यांत खाली नजरचुकीनं राहिलेले हुलगे. एकदा माझ्या वाटीत हुलग्याच्या माडग्यात वायसर निघालं. मी ते धुऊन जागच्या जागी ठेवलं आणि त्यांना एका शब्दानं बोललो नाही. हे मातोश्रींनी तुम्हाला सांगितलं नसेल.

आता खंडेनवमी. ज्या हत्यारांवर वर्षभर पोट चालतं, ती घासूनपुसून मांडायची, हळदकुंकू वाहायचं आणि दसरा उजाडेपर्यंत त्यांना हात लावायचा नाही, हे मी तुम्हाला काय सांगावं. तुम्हीही नांगर पुजता. मी पहाटेच मांडायला बसलो. ओसरी भरली, माजघर भरलं, रांग चुलीपर्यंत गेली. मग मनात आलं, वर्षभर जे जे आपल्यासाठी राबलं त्यातलं काही आज वगळणं म्हणजे कृतघ्नपणा. वरवंट्यानं मी इंजिनाच्या पाचरी ठोकल्या, पाट्यावर पत्रे सरळ केले, सांडशीनं तापलेलं लोखंड धरलं, विळीनं गिरणीचा पट्टा कापला. म्हणून ही मंडळीही पाटावर मांडली, कुंकू लावलं, झेंडूची फुलं वाहिली. इतक्यात तुमच्या भगिनी डाळ शिजवून पुरण वाटायला वरवंटा मागू लागल्या. मी नम्रपणे सांगितलं, की देव बसले, आता वरवंटा उद्याच उठेल. विळी? तीही उद्याच. चुलीवरचं पातेलं पदरानं उतरवताना त्यांचं बोट भाजलं. मातोश्री दारातून म्हणाल्या, "जावईबापू, आमी काय खावं मग? पाने?" शेवटी हातानं कुस्करलेली डाळ आणि गूळ असा नैवेद्य झाला. देवानं तो मुकाट्यानं घेतला. मातोश्रींनी घेतला नाही.

तेवढ्यावर भागलंही असतं. पण दसऱ्याला सोनं वाटायला जायचं म्हणून तुमच्या भगिनींनी लग्नातली पेटी उघडली. पेटीत सगळी लुगडी होती, एकही हरवलं नव्हतं. फक्त प्रत्येकात एकेक कानस तेल लावून गुंडाळलेली होती, कारण कानशीला दमट हवा सोसत नाही. जरीचं लुगडं मी सगळ्यांत चांगल्या कानशीला दिलं होतं. यात मान कोणाचा झाला ते तुम्हीच ठरवा. त्यांनी पेटीचं झाकण अलगद लावलं. मला वाटलं, पटलं.

त्या गेल्यावर घरात जागा होईल असा माझा अंदाज होता. झालं उलटंच. पूर्वी मी अंगणातून ओरडायचो, आणि त्या भाकरी थापता थापता आतून ओरडायच्या, "कणगीच्या मागं बघा!" आता ओरडलो तर शेजारच्या सखुबाई ओ देतात. परवा दगडोबाच्या पिठाच्या गिरणीचं इंजिन बंद पडलं. दिवाळी तोंडावर, आणि निम्म्या हिंगोलीची हरभऱ्याची डाळ गिरणीच्या दारात. त्या इंजिनाला लागतो तो वाकडा पाना माझ्याकडे आहे. एक नाही, तीन आहेत. पहिला सापडेना म्हणून दुसरा घेतला, दुसरा सापडेना म्हणून तिसरा. आता तिन्ही सापडत नाहीत. डाळीच्या पाट्या घेऊन बायका माझ्या अंगणात येऊन बसल्या. सखुबाई सगळ्यांदेखत म्हणाल्या, "तात्या, पाना काहून धुंडून राहिला रं? मंजुळेला आण आधी, पाना आपसूक घावंल." दगडोबा म्हणाला, "बराबर हाय." गिरणी त्याची, तकलीफ त्याची, आणि हसणाऱ्यांत सगळ्यांत मोठा आवाजही त्याचाच.

असो. हे सगळं केवळ माझी बाजू कळावी म्हणून लिहिलं. मागणं काही नाही. भगिनींना माहेरी हवं तितकं राहू द्यावं. मला भाकरी जमू लागली आहे. (पहिली भाकरी ठोकून पाहिली, आवाज चांगला आला.) थोरांस दंडवत, लेकरांस आशीर्वाद.

आपला,
तातेराव

ता. क. — पाडव्याच्या आत त्यांना पाठवता आलं तर बरं होईल. माझ्यासाठी नव्हे. लोकांची डाळ अडून बसली आहे, आणि गावाच्या दिवाळीचं पाप तुमच्या घराण्यावर येऊ नये एवढीच इच्छा.

दुसरा ता. क. — पेटी रिकामी केली. लुगडी सखुबाईंनी रिठ्यात धुऊन दिली. जरीच्यावरचा डाग तेवढा निघाला नाही. कानशी बाहेर पडवीत टाकल्या आहेत, गंजल्या तर गंजल्या. हे त्यांना सांगायलाच हवं असं नाही. पण सांगा.

तिसरा ता. क. — पत्र टाकायला निघालो तर सुपाखाली तिन्ही पाने सापडले. गिरणी चालू झाली, आवाज इथवर येतो आहे. म्हणजे वर लिहिलेलं कारण आता उरलं नाही. तरी मंजुळेला पाठवा. करमत नाही.