सासूबाईंनी न्हाऊ घातलेली रॅकेट

मु. मिरजगाव,
कार्तिक शुद्ध ८

ती. सौ. वन्संना अंबिकेचा नमस्कार.

तुमचा गुडघा कसा आहे ते कळवावे. बरा असला तर कार्ड फुकट घालवू नये. सासूबाई खुशाल आहेत (तुमच्याच आई आहेत, श्रावणापासून तुम्ही विचारपूस केली नाही म्हणून आठवण दिली). तुमच्या यजमानांनी पाठवलेली टेनिसची रॅकेट पोचली, तिची हकिकत लिहिते. माझं शिक्षण तिसरीपर्यंतचं, लागेल तसं लावून वाचावं. काम काही नाही, सहज लिहिते आहे.

श्रावणात तुमच्या बंधूंची नगरहून इथे बंधाऱ्याच्या कचेरीत बदली झाली आणि नीलांबरीची ऐन मॅट्रिकच्या वर्षात शाळा सुटली. इथे तो वर्ग नाही. पोरगी ओट्यावर बसून मोठ्याने भूमिती वाचते आणि शेजारच्या म्हशी ऐकतात. परत नगरला पाठवा म्हणून ह्यांनी अर्ज केला, तो साहेबांच्या टेबलावर काचेच्या गोळ्याखाली दोन महिने पडून. मग ह्यांना कळलं की साहेब घरात ऐकतात, आणि साहेबीणबाईंना टेनिसला चौथी बाई पाहिजे. तुमचे बंधू मला न विचारता हो म्हणून आले. त्यांनी जन्मात केलेलं हे एकच धाडस, तेही माझ्या जिवावर.

खेळ म्हणजे बंगल्यामागे मुरूम टाकून लंकाबाईकडून सारवून घेतलेलं अंगण आणि मधोमध जाळं. अलीकडे साहेबीणबाई आणि मी, पलीकडे ओव्हरशियरीणबाई आणि डॉक्टरीणबाई. त्या तिघी बुटात, मी कासोटा आवळून अनवाणी. (सारवणावर बूट घालून धावणं मला बघवत नाही, पण अर्ज आपला होता.) लढाईमुळे नवे चेंडू मिळत नाहीत, जुन्यांची सगळी लव गेली आहे, ते कवठासारखे दिसतात.

पहिल्या दिवशी साहेबीणबाईंनी आपली जास्तीची रॅकेट दिली. ती मुसळाएवढी जड. मी धुणं आपटते तसा हात टाकला. चेंडू निघून गेला आणि रॅकेट मला घेऊन गरागरा फिरली. आठ दिवस मनगटाला आंबेहळद. साहेबीणबाई म्हणाल्या, आपल्या हाताला मानवणारी रॅकेट एकच असते, ती सापडेपर्यंत बघत राहायचं. मी म्हटलं, आमच्यात नवरासुद्धा इतका पारखून घेत नाहीत. त्या हसल्या नाहीत. मग डॉक्टरीणबाईंनी त्यांची दुसरी दिली. ती पळीसारखी हलकी, पण मधल्या दोन तारा तुटलेल्या. चेंडू नेमका तिथून आरपार येऊन माझ्या कपाळावर बसला आणि पॉइंट त्यांना मिळाला. रॅकेट त्यांची, भोक त्यांचं, पॉइंटही त्यांचाच. तिसरी तुमच्या यजमानांनी नगरच्या कॅम्पातून, विलायतेला परत निघालेल्या कुणा गोऱ्या अंमलदाराची पाठवलेली. दिसायला देखणी, पण तारा इतक्या ताणलेल्या की नख लागलं तरी तंबोऱ्यासारखी वाजे. तिने पहिला चेंडू तुरीत घातला, दुसरा साहेबांच्या चहात. त्या दिवशी अर्ज जेमतेम वाचला.

एवढ्यात खंडेनवमी आली. सासूबाईंनी पाटावर विळी मांडली, ह्यांचा टाक, नीलांबरीचा कंपास, आणि ही रॅकेट. मी नको म्हटलं. त्या म्हणाल्या, "रुसलेल्या हत्याराला न्हाऊ घालावं, अंबे. वळणावर येतं." आणि सोवळ्यात बसून तिला आधी दुधाने, मग पाण्याने सचैल स्नान घातलं. (विळीवर नुसतं पाणी शिंपडलं. ती बिचारी तीस वर्षं भाजी चिरते आहे.) दुसऱ्या दिवशी बघते तर तारा जुन्या बाजेसारख्या सैल. पण शनिवारी खेळाला दुसरी आणणार कुठून? तीच घेऊन गेले. आणि वन्सं, चेंडू झोळीतल्या पोरासारखा तिच्यात बसतो, आणि मी कितीही आपटला तरी जाळ्यापलीकडे हातभर जाऊन निजतो. सारवणावर उसळतही नाही. ओव्हरशियरीणबाई मागून पळत येईपर्यंत सगळं आटोपलेलं असतं. वाळली की ती परत ताठते, म्हणून दर शनिवारी सासूबाई देवांच्या आधी हिला न्हाऊ घालतात.

गेल्या शनिवारी मोठा डाव झाला आणि आम्ही जिंकलो. साहेबीणबाईंनी मला मिठी मारली आणि ओसरीवर बसलेल्या साहेबांना सांगितलं, "ह्यांचा तो अर्ज फाडून टाका. असा हात मला परत मिळायचा नाही." साहेब घरात ऐकतात ते मी वर लिहिलंच आहे. तुमचे बंधू चेंडू गोळा करत होते, त्यांच्या हातून एक चेंडू खाली पडला. उसळला नाही.

असो. नशिबात नव्हतं. गुडघ्याला निरगुडीचा पाला शेकून बांधावा.

तुमची भावजय,
अंबिका

ता. क. काम नाही असं लिहिलं, ते आहे. नीलांबरीला मार्चपर्यंत तुमच्याकडे ठेवून घ्याल का? श्रावणातच विचारणार होते, पण निघायच्या दिवशी आपली त्या लोणच्याच्या बरणीवरून बोलाचाली झाली आणि तुमच्या दारात पाऊल टाकणार नाही असं मी बोलून बसले. पाऊल टाकत नाही, पत्र टाकते आहे.

ता. क. दुसरं. सारवायला आलेल्या लंकाबाईने काल ओल्या रॅकेटचा वास घेतला आणि म्हणाली, "वैनी, ही तार न्हाई. पिंजाऱ्याची तात आस्ती तीच ही. मेंढीचं आतडं हाय." सासूबाईंना हे माहीत नाही. उत्तरात याचं अक्षरही नको, तुमची पत्रं नीलांबरी त्यांना मोठ्याने वाचून दाखवते. देवांचं मी बघून घेईन.

ता. क. शेवटचं. नशिबात नव्हतं हेही खरं नाही. जिंकलो तर तुम्हाला सोडत नाही, असं साहेबीणबाई डाव बरोबरीत असतानाच माझ्या कानात म्हणाल्या होत्या. ती मुसळासारखी रॅकेट तिथेच खुंटीला होती. ती घेतली असती तर हरलो असतो आणि आज मी सामान बांधत असते. मी तिच्याकडे गेलेही. तेवढ्यात ओव्हरशियरीणबाई पलीकडून गोड आवाजात म्हणाल्या, "दमला असाल तर बसा हो अंबिकाबाई." पुढचं मला आवरलं नाही.

पोरीचं काय ते लवकर कळवावं. बरणी तुमचीच होती. तिच्याबरोबर पाठवते, रिकामी नाही.