माझी फुंकर आणि कोळ्याचे केस

तीर्थस्वरूप मावशीला,

तुझ्या अतिशहाण्या भाच्याचा वाकून नमस्कार. तुझे गुडघे काय म्हणतात? काकांचं पोट थाऱ्यावर आलं का? मी खुशाल आहे, फक्त उजवा गाल सुजलाय. त्याच गालाने माझी नोकरी वाचवली, ती हकिकत ऐक.

कोळ्याच्या पायांवरच्या केसांना बारीकशी थरथरही कळते. ते पाहून आम्ही तसेच केस टिकलीएवढ्या काचेवर उगवलेत. (स्वतःच्या डोक्यावर आधी उगव, हे काकांचं म्हणून झालंय.) पाण्याचा थेंब टाकायचा, त्यात जिवाणू वळवळले की केस हलतात आणि दिवा लाल होतो. पण आमचा दिवा कशालाही लाल व्हायचा, अगदी उकळून गार केलेल्या पाण्यालासुद्धा! मी तारा बदलल्या, काचा बदलल्या, शेवटी टेबलाची दिशाही बदलली. प्रयोगशाळेच्या मोठ्या बाईंनी शांतपणे सांगितलं, आठवडाभरात सुधारलं नाही तर प्रयोग बंद, आणि माझी नोकरीही. (त्या ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.)

त्यात माझी दाढ ठणकायला लागली. दंतवैद्याने ती उपटली आणि मी वाकड्या तोंडाने तसाच कामावर गेलो. उकळलेल्या पाण्याचा थेंब टाकला, तर दिवा गप्प! पुन्हा टाकला, पुन्हा गप्प. नाचणार होतो, तेवढ्यात डोक्यात उजेड पडला. थेंबाआधी धूळ उडवायला मी नेहमी तोंडावरची पट्टी खाली करून काचेवर फुंकर मारतो, आणि आज बधिर ओठांतून ती निघालीच नव्हती. बिचारे केस इतके दिवस खरं तेच सांगत होते. जिवाणू माझ्या तोंडातले होते. दुधाने तोंड पोळलं की लोक ताक फुंकून पितात, मी फुंकून फुंकून ताकच नासवत होतो. बाईंना सांगितलं, तर त्या हसायच्या थांबेचनात. प्रयोग मात्र चालू राहिला.

तुझाच,
फुंक्या

ता. क. : तू टाकीचं पाणी तपासायला पाठवलं होतंस. दिवा लाल झाला, तरी मी कळवलं, ‘यंत्रच खुळं आहे, बिनधास्त प्या.’ फ्रीजमधलं उरलेलं पाणी आज फुंकर न मारता तपासलं. दिवा पुन्हा लाल. खुळं यंत्र नाही, मी आहे. मघाशी फोन केला तर काकांनीच उचलला, म्हणून ‘पाणी उकळून प्या’ एवढंच बोलून ठेवून दिला. त्यांचं पोट बहुतेक त्या पाण्यानेच बिघडलंय. त्यांना डॉक्टरकडे ने, टाकी धुऊन घे, आणि कारण तूच सांग. मला फार वाईट वाटतंय गं. खरं तर एवढंच लिहायचं होतं. धीर होईना म्हणून आधी गाल पुढे केला.

ता. क. २ : पाकीट जिभेने चिकटवलंय. वाचून झालं की हात धू.