जीपचा खालचा बोल्ट

।। श्री ।।

रेवस, ता. ८ जानेवारी २०२५

ती. गुणाजीमामास,
प्राप्तीचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

इकडे सगळे खुशाल. आई लग्नाच्या पापडांत बुडाली आहे आणि मी तुमच्या जीपखाली. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, मोबाईलवरची अक्षरं मुंग्यांसारखी दिसतात, म्हणून हा कागद.

तुमचा निरोप पोचला. म्हणे लग्नाला येईन तर माझ्याच जीपमधून, दुसऱ्या गाडीत पाय ठेवणार नाही. मामा, मी काय कुक्कुलं बाळ आहे? ती आमच्या अंगणात तीन पावसाळे बंद पडून आहे हे माहीत असूनच तुम्ही अट घातलीत. माझ्या थोरल्या बहिणीच्या, मृणालीताईच्या लग्नात नीट ऐकू न आल्याने शेवटचं 'सावधान' व्हायच्या आतच तुमच्या हातून अंतरपाट सुटला, सगळा मांडव हसला, तेव्हापासून तुम्ही मांडवाचं तोंड बघत नाही. पण आपल्यात अंतरपाटाचं एक टोक नवरीच्या मामाच्याच हातात असतं. माझ्या लग्नात ते दुसऱ्या कोणाच्या हातात मला नको.

म्हणून जीप मीच दुरुस्त करते आहे. पाण्याचा पंप गळत होता, नवा आणला. जुन्या पंपाचे बाकी बोल्ट निघाले, सगळ्यात खालचा मात्र जागचा हलत नाही. जीपने मिठागरावरचं मीठ वाहून वाहून तो गंजून बसला आहे. पान्याला लांब पाइप लावून लोंबकळले, तर त्याचं डोकं घासलं. आईने वरून खोबरेल ओतलं, हळदकुंकू वाहिलं. आता घरभर सांगत फिरते, की पोरीला हळद लागायची तर ऑइल लागलंय.

मामींना नमस्कार. रागावलात तरी चालेल, उत्तर मात्र पाठवा.

तुमची भाची,
प्राप्ती

पाली, ता. १३ जानेवारी २०२५

चि. प्राप्ती हिस,
गुणाजीमामाचे अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. तुझ्या मामीने ते मोठ्याने वाचून दाखवलं, मग मी स्वतः वाचलं.

तो बोल्ट निघायचा नाही, बाळा. हट्ट सोड आणि अंतरपाट तुझ्या काकाच्या हाती दे. खरं सांगतो, मला कोणी हसलं तर मी ते गिळीन, पण माझ्यामुळे तुझ्या लग्नाचं हसं झालेलं मला सोसणार नाही. जीपचं निमित्त म्हणूनच काढलं होतं.

पण काय गं, पान्याला पाइप? लहानपणी माझ्या शेजारी बसून हेच शिकलीस? बोल्ट आत मोडला तर अख्खं इंजिन उतरवावं लागेल. आणि खोबरेलाने त्याचे केस वाढतील, तो सुटणार नाही. वेल्डिंगवाल्याला बोलाव. आसपास डिझेलचा थेंब नको. त्याच्याकडून बोल्टाची कड तापवून घे आणि तिथे मेणबत्ती टेकव. मेण वितळून आट्यांत शिरतं. मग हातोडीने हलकं ठोकत राहा, राग काढू नको. पाना बसवलास की सोडवायच्या आधी केसभर आवळ. आधी आवळायचं, मग सैल करायचं. बोल्ट सुटला हे कानाने ऐकायचं नसतं, ते हाताला कळतं. कान गेले तरी माझ्या हाताला अजून कळतं.

मामी म्हणते, जायचं नाही म्हणता आणि वाटही तुम्हीच दाखवता. तिचं मला ऐकू येत नाही.

आईला आशीर्वाद सांग. या म्हाताऱ्यावर माया असू दे.

गुणाजीमामा

रेवस, ता. २२ जानेवारी २०२५

ती. मामास,
प्राप्तीचा काळ्या हातांनी शि. सा. नमस्कार.

निघाला! वेल्डिंगवाला नवरीच्या हातात गॅसची बत्ती देईना, स्वतःच जीपखाली शिरला. मेण आत गेलं. मग मी हलकं हलकं ठोकत बसले. तुमचा होणारा जावई अल्पेश मुंबईला जायची लाँच धरायला धक्क्यावर निघाला होता, तो वाटेत थांबला आणि पाना माझ्याकडे दे म्हणाला. लग्न होईपर्यंत तरी हातात घेऊ नकोस, असं मी त्याला सांगितलं. आधी केसभर आवळला, तेव्हा आई कपाळाला हात लावून म्हणाली, की पोरीला सोडवायचाय का बसवायचाय. दारात मासळीवाल्याचा भोंगा कोकलत होता, त्यामुळे कानाला काही कळलं नाही. पण उलटं फिरवताना पान्यातून तळहाताला बारीक झटका आला, आणि मला कळलं. मी आईला मिठी मारली. तिच्या साडीचं काय झालं ते विचारू नका.

तेव्हाच ट्यूब पेटली. अंतरपाटाचं दुसरं टोक अल्पेशच्या मामांच्या हातात असणार. मी त्यांना भेटून आले. शेवटचं 'सावधान' झालं की ते कापडाला हलका हिसका देतील. आधी ताण, मग सैल. तुमच्या कानांचं काही काम नाही.

जीप सुरू झाली आहे. हळदीच्या आदल्या दिवशी मी वडखळवरून पालीला येते. दारात तयार राहा. मला तुम्ही हवे आहात, मामा.

कृपा आहे तशीच राहू द्यावी.

तुमची,
प्राप्ती

पाली, ता. २८ जानेवारी २०२५

चि. प्राप्ती हिस,
मामाचे पोटभर आशीर्वाद.

पत्र वाचलं. मग कपाटातून टोपी काढली. मामीने इस्त्री केव्हाच करून ठेवली होती.

नवा पंप बसवताना सगळ्या बोल्टांना ग्रीस लावलंस ना? वाटेत गाडी तापली तर थांब, घाई करू नको.

रोज संध्याकाळी मामी आणि मी चादर धरून सराव करतो. ती एका टोकाला, मी दुसऱ्या टोकाला. ती तोंडाने काय काय म्हणते, मी तिच्याकडे बघतच नाही. हिसका आला की सोडतो. एकदाही चुकलो नाही. काल तिने गंमत म्हणून हिसका दिलाच नाही. मी धरूनच राहिलो, हात भरून आले तरी. शेवटी तिने जवळ येऊन खुणेने विचारलं, सोडत का नाही. मी म्हणालो, "आपल्या पोरीचा अंतरपाट हाय. सांगावा आल्याबिगर मी सोडनार न्हाय."

दारात उभा आहे. ये.

तुझा,
गुणाजीमामा