स्टँडिंग बायचा दुसरा अर्थ

न्यू बेडफर्ड,
१७ मार्च १९९६

प्रिय एव्हारिस्तो भावोजी,

माझं अक्षर पाहून पाकीट फाडायला निघाला असाल, तर जरा थांबा. मी बरी आहे. गुडघा कुरकुरतो, बर्फ अजून वितळला नाही. मासळीचा कारखाना सोडल्यापासून चर्चच्या हॉलमध्ये इंग्रजी शिकायला जाते. या वयात हे खूळ, म्हणून हसू नका.

तिथलंच सांगायचंय. मंगळवारी बाईंनी फळ्यावर लिहिलं, 'स्टँड बाय'. मी म्हटलं, "ठाऊक आहे मला. नुसतं उभं राहून बघत बसणं."

"तो एक झाला," बाई म्हणाल्या. "दुसरा, पाठीशी उभं राहणं. आणि दर्यावर म्हणतात तेव्हा, अडचणीतल्या बोटीजवळ मदतीला थांबून राहणं."

भावोजी, माझ्या नवऱ्याची, नोर्बेर्तोची, बोट बुडाली त्या दुपारी मी स्वयंपाकघरात बोटींच्या रेडिओला कान लावून होते. कोस्ट गार्ड विचारत होतं आणि तुम्ही दर वेळी एवढंच म्हणत होतात, "स्टँडिंग बाय." मी शब्दकोशात पहिला अर्थ पाहिला आणि पान मिटलं. सख्खा भाऊ बुडत होता आणि हा बघत उभा राहिला, असं गावभर सांगितलं. नोर्बेर्तो गेल्यावरच्या प्रार्थनेला तुम्ही शेजारी बसलात, तर उठून बाक बदलला. त्याला नऊ वर्षं झाली.

तुमच्या बोटीवरचा जिल वर्गात माझ्या मागेच बसतो. त्याला त्या दुपारचं विचारलं. म्हणाला, "अगं बाई, हे आत्ता विचारतेस? सहा तास आम्ही नोर्बेर्तोच्या बोटीभोवती फिरत होतो. काचा फुटल्या, पाणी आत आलं. आम्ही सगळे म्हणालो, माघारी फिर. कप्तान ऐकेना. दुसऱ्यांदा दोर टाकायला सुकाणू माझ्या हाती देऊन स्वतः गेला, त्यातच त्याच्या हाताची बोटं गेली."

तुमची ती बोटं कुठल्याशा यंत्रात गेली, असंच मी धरून चालले होते.

त्या दर्यात सहा तास. माणूस माणसासाठी इतकं उभं राहू शकतो, हे मला अजून पेलत नाही. तुम्ही मला सांगितलं का नाही, असं विचारणार होते. पण तुम्ही आला होतात. दार मीच लावून घेतलं होतं.

रविवारी चर्चच्या पायरीवर थांबेन. नाही आलात, तर पुढच्या रविवारी, त्याच्याही पुढच्या. मला घाई नाही.

दुसऱ्या अर्थानं उभी असलेली,
तुमची भावजय
दिओलिंदा